वाकूताईची चार बोटं जागा

साइटवर तिला सगळे वाकूताई म्हणायचे. इमारतींचे नकाशे करणारी ही इंजिनिअर येता-जाता एकच धोशा लावायची, "प्लेटला वाकायला जागा ठेवा!" लोखंडाला वाकू द्या म्हणणारी ही बाई स्वतः मात्र कुणापुढे वाकेल तर शपथ.

शाळेची इमारत उभी राहत होती. स्टीलचे खांब, तुळया आणि त्यांच्यामध्ये तिरके दांडे. दांड्याचं टोक कोपऱ्यातल्या लोखंडी प्लेटला जोडलं की त्याच्यापुढे प्लेटवर चार बोटं जागा मोकळी सोडायची, हे तिने दहादा बजावलं होतं. पण वेल्डरकाकांना ती प्लेट फारच बारीक वाटली. पोरांची शाळा, असू दे चांगली भक्कम, म्हणून त्यांनी प्रेमापोटी प्रत्येक मोकळ्या जागेवर जाड पट्ट्या वेल्ड करून टाकल्या. झालं! ताईचं डोकंच फिरलं.

"कापा सगळ्या."

"म्हणजे माझं काम कच्चं?" काका दुखावले.

"पक्कं आहे हो काका, तेच तर दुखणं आहे! भूकंपात हा दांडा वाकणार, धक्का स्वतःच्या अंगावर घेणार. त्याच्याबरोबर प्लेटही वाकायला हवी. तुम्ही तिला जखडून ठेवलीत. आता ती वाकणार नाही, फाटेल. आणि तेव्हा वर्ग भरलेला असेल."

कंत्राटदार हसला. "उद्या भिंत चढतेय बाई. आतलं कोण बघायला येतंय?" आणि त्याने तिच्या थोरल्या भावालाच बोलावून घेतलं. ऑफिस भावाचं, ती तिथे नोकरीला.

दादा घाम पुसतच आला. "काम बरोबर आहे म्हणून सही करून टाक. नाहीतर उद्यापासून ऑफिसला येऊ नकोस."

नोकरी गेली तर पुढे काय, हे ताईलाही ठाऊक नव्हतं. पण मागे हटेल ती ताई कसली!

"नाही येणार. पण तुझी छकुली याच शाळेत येणार ना? हा बघ, पहिलीचा वर्ग. तिला कुठे बसवायचं ती जागा दाखव. तिथे उभा राहून सांग, मग करते सही."

दादाने एकदा पट्टीकडे बघितलं, एकदा वर्गाकडे. कंत्राटदार घड्याळ दाखवायला लागला, तसा दादा त्याच्यावरच खेकसला, "भिंत थांबेल!"

काकांनी तोवर गॅस कटर पेटवला होता. "मीच लावल्या, मीच काढतो. खुणा करा, ताई."

ताईने खडू उचलला.

"उद्या वेळेवर ये ऑफिसला," दादा हळूच म्हणाला.

"नाही येणार," रेघ ओढत ती म्हणाली. "शेवटची पट्टी निघेपर्यंत मी इथून हलत नाही."