मोजणीवाल्याचा चहा

फक्त मालगाड्यांसाठी नवी रेल्वेलाईन टाकायची म्हणून मंद्रूपकडं मोजणी चाललीय. मोजणीवाला रोज आमच्या ओट्यावर टेकतो, टोपी गुडघ्यावर ठेवतो आणि बशीत ओतून चहा भुरकतो. लाईन कुठून जाणार विचारलं की म्हणतो, "वरचे ठरवतात, वहिनी. चहा लई फक्कड हाय."

पण आम्ही बायकांनी हेरलंय. ज्यांच्या घरावरून लाईन जाणार, त्यांचा चहा त्याच्या घशाखाली उतरत नाही. विहिरीजवळच्या घरी त्यानं नुसतं पाणी मागितलं, आणि चार दिवसांत त्यांच्या भिंतीवर चुन्याची खूण पडली. तेव्हापासून त्याची बशी रिकामी होईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

आज मी आलं घालून चहा आणला. तो टेकला नव्हता. टोपी हातात फिरवत अंगणातच उभा होता.

"वहिनी," तो म्हणाला, "आज नुसतं पाणी द्या की."