कच्च्या टाक्यांमागची पानं

आमच्या घरात गोष्टीचा शेवट शिवून ठेवतात. दुसऱ्या कोणाच्या घरी असं करतात का ते मला माहीत नाही, आणि कोणी हसलं तरी माझं काही बिघडत नाही. माझी बायको साड्यांना फॉल-पिको करणारी. मोशीतल्या निम्म्या बायकांच्या साड्या तिच्या हाताखालून गेल्या असतील. सुई-दोरा कायम हाताशी. नवीन रहस्यकथेचं पुस्तक घरात आलं, की ती आधी ते उलटं धरायची, शेवटचं प्रकरण न वाचता चिमटीत पकडायची आणि त्या पानांच्या कडेला लांब लांब कच्चे टाके घालून टाकायची. का, तर मी पुढचं बघू नये म्हणून.

"तुमचा काय भरवसा न्हाई," म्हणायची. "गेटवर हुबं राहून राहून तुमाला पयलं पाठीमागचं दार बघायची सवय लागलीया."

मी चौथीपर्यंत शाळेत गेलो. गेला होतास का म्हणून विचारलं तर गेलो होतो, एवढंच. पण गाडीचा नंबर, गेटपास, बसची पाटी, यांच्यासाठी मी आजवर कोणाचं तोंड बघितलेलं नाही. आणि खुनी कोण ते हुडकण्यापुरतं वाचता मलाही येत होतं, म्हणून तर टाके.

आमची जमीन गेली तेव्हा भावकीतल्या लोकांनी गाळे बांधले आणि भाडं खात बसले. मला ते जमलं नाही. चाकणच्या एका कंपनीच्या मालाच्या गेटवर मी एक कुत्री घेऊन उभा राहायला लागलो. कुत्री सिक्युरिटी एजन्सीची, पिवळट रंगाची, लॅब जातीची. येणाऱ्या ट्रकभोवती, कंटेनरभोवती तिनं फिरायचं, वास घ्यायचा. काही वावगं वाटलं तर भुंकायचं नाही, चावायचं नाही, नुसतं खाली बसायचं. माझं काम तिच्यापेक्षा अवघड होतं. पट्टा ढिला ठेवायचा आणि तोंड बंद ठेवायचं. पट्ट्याला जरा हिसका बसला, आपली नजर एका चाकावर जरा जास्त थांबली, की कुत्री तिथं खोटंच बसते. खोटारडी नसते ती. तिला आपल्याला खूश करायचं असतं. म्हणून उभं राहायचं, आभाळाकडं बघायचं, आणि तिचं तिला ठरवू द्यायचं.

यातलं काहीच मी घरी सांगत नसे. शिफ्ट संपली की संपली. बायकोला माझी कुत्री माहीत होती ती फक्त पॅन्टला चिकटून आलेल्या केसांवरून. "आज लोकाच्या साडीवर केस निघाला, तुमच्या सवतीचा," एवढीच आमची चर्चा.

पुढं कुत्री म्हातारी झाली, तिचं नाक मंदावलं, तेव्हा एजन्सीच्या साहेबाला विचारून मी तिला घरी आणली. बायकोनं दारातच सांगितलं, "माज्या मशीनजवळ यायचं न्हाई." दोघींनी ते पाळलंही. पण मीठ न घातलेला भात वेगळा शिजायला लागला तो कोणासाठी, हे मी कधी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. एका हिवाळ्यात कुत्री पत्र्याच्या शेडखाली झोपली ती उठलीच नाही. मी तिला घरामागं पुरली, अंघोळ केली, आणि बोलायचा बंद झालो. जेवत होतो, चालत होतो. तोंडातून शब्द काढावासा वाटत नव्हता. माझा पोरगा म्हणाला, "आबा, एका कुत्रीपायी एवढं?"

बायकोची बहीण थेरगावात राहते. तिच्याकडं गेलेली बायको येताना डांगे चौकातल्या जुन्या पुस्तकवाल्याकडून एक पुस्तक घेऊन आली. वर खाकी कपड्यातला माणूस आणि त्याच्या पायाशी कुत्रा. पोलिसांच्या श्वानपथकातला हवालदार आणि त्याचा कुत्रा मिळून खून उघडकीला आणतात, अशी ती कादंबरी. बायको सातवी शिकलेली. दुपारी मशीनवरचं काम उरकून माझ्यासमोर बसली आणि मोठ्यानं वाचायला लागली. मी भिंतीकडं तोंड केलं. तिसऱ्या का चौथ्या पानावर कुत्र्यानं एका माणसावर झेप घेतली आणि भुंकून भुंकून त्यालाच खुनी ठरवलं.

"थापा हायत," मी म्हणालो.

बायकोनं पुस्तकातून डोकंही वर काढलं नाही. "का बरं?"

"कुत्रं भुंकून खुनी सांगत असतं तर कोर्टं कशाला बांधली असती? वासाचं कुत्रं भुंकत न्हाई. ते बसतं."

"तुमची बसायची?"

"मग! बसली की कान असे पाठीमागं टाकायची..." आणि मी बोलत राहिलो. चहाची वेळ टळून गेली तरी बोलत होतो. ट्रकवाले कुत्रीला कसे भ्यायचे, पावसात तिचा कसा वास यायचा, माझ्या डब्यातल्या भाकरीकडं ती कशी न बघितल्यासारखं करायची. बायको मधूनमधून "व्हय का?" म्हणत होती. आमच्या लग्नात मी एका दमात एवढा कधी बोललो नव्हतो.

मग तो नादच लागला. त्या हवालदाराची आणि कुत्र्याची बरीच पुस्तकं निघाली होती. बायको थेरगावला गेली की मिळेल ते घेऊन यायची, टाके घालायची आणि वाचायची. टाक्यांपाशी आलं की थांबायचं. दोघांनीही खुनी कोण ते सांगायचं, का ते सांगायचं, आणि मगच दोरा उसवायचा. मी दरवेळी भाच्याला धरायचो. प्रत्येक कादंबरीत एक भाचा असतोच आणि त्याला काही कामधंदा नसतो. बायकोची रीत वेगळी. जो माणूस हवालदाराच्या कुत्र्याला कारण नसताना खायला घालतो, तो तिचा चोर.

"माया करणारा चोर कसा?" मी चिडायचो.

"कामाच्या कुत्र्याला खायला घालू नये हे सगळ्यास्नी ठावं असतंय. चोराला त्याचं नाक बंद करायचं असतंय," ती म्हणायची. "तुमी गप बसा. तुमचा भाचा बिचारा बेकार हाय, खुनी न्हाई."

कधी ती बरोबर, कधी दोघंही चूक. मी म्हणेन त्याला नाही म्हणायचं, हे मात्र ठरलेलं. मी पूर्व म्हटलं तर तिनं पश्चिम म्हणायचं. त्यावर आमचा संसार चालला.

मागच्या वर्षी सकाळी चहा गाळताना तिच्या हातातली गाळणी पडली. मी म्हणालो, "अगं, बघून." ती माझ्याकडं बघत उभी राहिली आणि उजवीकडं कलली. पोरानं गाडी काढली, दवाखान्यात वेळेत पोचलो. जीव राहिला. उजवा हात आणि पाय जड झाले, आणि बोलणं गेलं. सगळं नाही गेलं. एक शब्द राहिला. बरं.

चहा देऊ? बरं. दुखतंय का? बरं. पंखा लावू का बंद करू? बरं. सून म्हणाली, "आबा, निदान काहीतरी बोलतात आई." पाहुणे यायचे, म्हणायचे, किती शांत झाल्या. मला ते ऐकवत नव्हतं. आयुष्यभर जिनं माझं एक म्हणणं सरळ ऐकून घेतलं नाही, ती माझ्या प्रत्येक गोष्टीला बरं म्हणत होती. मी एकदा मुद्दाम म्हणालो, "शिलाई मशीन विकून टाकू का?" ती माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "बरं." मी उठून शेडखाली जाऊन उभा राहिलो.

बोलणं शिकवायला एक मॅडम घरी यायच्या. वयानं माझ्या नातीसारख्या, पण कडक. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "आजोबा, ओरडू नका. त्यांना ऐकू येतं, कळतंही. शब्द सापडत नाही, एवढंच. तुम्ही शब्द त्यांच्या तोंडात घालू नका. थांबा." मग त्यांनी विचारलं, "यांना आवडायचं काय?" मी फडताळातून पुस्तक काढून दाखवलं. हवालदाराचं आणि कुत्र्याचं, नवीनच आणलेलं. टाके घालून झाले होते, वाचायचं राहिलं होतं. मॅडमनी टाक्यांवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "हेच वाचा रोज."

मी वाचायचं! पोरगा म्हणाला, "आबा, मोबाईलवर लावून देतो, आपोआप वाचून दाखवतंय." मी म्हणालो, "मोबाईलला तिच्यासमोर बसता येतंय का?"

दुपारच्या वेळी, जेव्हा तिचं मशीन चालायचं, त्या वेळेला मी चष्मा पुसून बसायला लागलो. बोट ठेवून वाचायचो. जोडाक्षर आलं की ट्रक चढावर अडकतो तसा अडकायचो, मागं यायचो, परत जोर लावायचो. 'निष्कर्ष' या शब्दाला मी पाणी प्यायला उठलो होतो. बायको डावा हात मांडीवर ठेवून ऐकायची. कुत्रा आला की तिचे डोळे हलायचे, हे मला दिसत होतं. गोष्ट अशी, की घाटातल्या एका हॉटेलचा मालक मरतो. संशय चौघांवर. भाचा होताच. शिवाय हॉटेलचा आचारी, रोज येणारा दूधवाला आणि मालकाचा भागीदार.

हळूहळू का होईना, मी टाक्यांपाशी पोचलो. पुस्तक मिटलं आणि रिवाजाप्रमाणं म्हणालो, "भाचा. त्याला कामधंदा न्हाई. तुजा कोण?"

"बरं," ती म्हणाली.

"बरं न्हाई. कोण?"

"बरं."

पोरगा सुट्टीवर घरीच होता. तो मदतीला आला, तिचा हात धरून बसला. "आई, आचारी का? मान हलव. दूधवाला का? भागीदार? भाचा?" तिनं प्रत्येक नावाला मान हलवली. भाच्यालाही. पोराला वाईट वाटलं, मला माझी कुत्री आठवली. हिसका बसला की खोटं बसणारी, आपल्याला खूश करणारी. मी पोराला म्हणालो, "तिला वढू नको." त्याला वाटलं मी हाताचं बोलतोय. त्यानं तिचा हात सोडला.

ठरवलं, ती सांगेल तेव्हाच दोरा उसवायचा. दुसऱ्या दिवशी पुस्तक पहिल्यापासून परत वाचायला घेतलं. ते संपलं, टाके आले, विचारलं, ती बरं म्हणाली. परत पहिल्यापासून. आता माझं वाचन सुधारायला लागलं होतं. हॉटेलातल्या खिडक्यासुद्धा मला पाठ झाल्या होत्या. विचारून झालं की मी भिंतीकडं बघत गप बसायचो. तिचं तिला ठरवू द्यायचो. आत मात्र धाकधूक असायची. ती आता अशीच राहणार, आणि मी उरलेलं आयुष्य एका हो म्हणणाऱ्या बाईबरोबर काढणार, असं मनात यायचं. मॅडमना विचारलं, तर त्या खोटं बोलल्या नाहीत. "सांगता येत नाही," म्हणाल्या. "पण वाचत राहा."

पोराला ते बघवेना. एका रविवारी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "आबा, हट्ट पुरे झाला. तिला तेच तेच विचारून काय छळताय? शेवट वाचून दाखवा की तिला. नाहीतर तिला कधीच कळायचं नाही." सुनेच्या हातात कात्री होती. नवऱ्यानं सांगितलं म्हणून आणलेली, पण ती माझ्याकडं बघत नव्हती.

पोरगा वाईट नाही. आईवर त्याचाही जीव आहे. तो म्हणाला ते मला लागलं, कारण रोज विचारताना तिच्या कपाळावर आठी पडायची, ती मीही बघत होतो. मला वाटलं, खरंच, मी हिला गेटवर उन्हात उभी करून ठेवलीय. मी कात्री घेतली. फॉलची ती छोटी कात्री, तिचीच. पुस्तक तिच्यासमोर मांडीवर धरलं आणि म्हणालो, "जाऊ दे. भाचाच हाय. उसवतो."

कात्रीचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं, तर तिचा डावा हात पुस्तकावर येऊन पडला. पानांवर पसरून, घट्ट. मला वाटलं तोल गेला. मी वर बघितलं. ती माझ्याकडं बघत होती, आणि ती नजर मी ओळखली. लग्नापासून ओळखतो.

"न्हाई," ती म्हणाली.

पोरानं तोंड उघडलं. मी हात वर करून त्याला थांबवलं. आभाळाकडं बघावं तसा पंख्याकडं बघत बसलो. बाहेर कुणाची तरी दुचाकी सुरू होईना, तो किक मारत होता. तिचे ओठ जुळत होते, सुटत होते. आत काहीतरी शोधत फिरत होती ती, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात.

"आ," ती म्हणाली. मग थांबली. मग, "आचारी."

"का?" मी विचारलं.

ते सांगायला तिला बराच वेळ लागला. सून खाली बसली होती, तोंडावर पदर धरून. बायकोनं डाव्या हाताची बोटं चिमटीसारखी केली आणि माझ्यापुढं धरली, काहीतरी भरवावं तशी.

"बि... स्कीट."

दुसऱ्या प्रकरणात आचारी हवालदाराच्या कुत्र्याला बिस्कीट टाकतो. एकच ओळ आहे. मी ती इतक्यांदा वाचली आणि माझ्या बोटाखालून ती तशीच निघून गेली होती.

पोरगा म्हणाला, "आबा, आता तरी उसवा! बघू, आईचं बरोबर हाय का!"

मी कात्री सुनेकडं परत दिली. त्या दिवशी आम्ही दोरा उसवला नाही. घाई कसली? मी बायकोच्या जवळ सरकून बसलो आणि म्हणालो, "बिस्कीट टाकलं म्हणून माणूस खुनी हुतो व्हय गं? तो आचारी हाय, उरलंसुरलं टाकणारच. भाच्याचं बघ. रात्री कुठं हुता ते सांगतच न्हाई तो."

"न्हाई," ती म्हणाली.

"आणि चाकू कुणाच्या खोलीत घावला?"

"न्हाई."

"ऐकून तर घे पुरतं!"

तिनं ऐकून घेतलं नाही. दिवे लागेपर्यंत आम्ही भांडत होतो.