आठ तासांच्या बाई

पाचवीच्या बाईंची नणंद मोठ्या शाळेत गणित शिकवायची. एका रविवारी जेवताना ती म्हणाली, "वहिनी, तुमच्याकडून आलेली मुलं ओळखू येतात हो. तास संपवून मी वर्गाबाहेर पडले की सगळी माझ्या मागून निघतात. परवा एक तर शिक्षकांच्या खोलीपर्यंत आला, वही घेऊन."

बाईंचा नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. बाईंनी त्याला पाणी दिलं, पण नणंदेशी चहापर्यंत अवाक्षर बोलल्या नाहीत. सव्वीस वर्षं त्या प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गाला, पाचवीला, शिकवत होत्या. गणितापासून गाण्यापर्यंत सगळं त्याच शिकवायच्या, मुलांची नखं त्याच तपासायच्या आणि डबा कुणी अर्धा टाकला तेही त्यांनाच कळायचं. मुलं मागून येणार नाहीत तर काय करतील?

सोमवारी त्यांनी फळ्यावर मोठ्या शाळेसारखं, दर तासाला वेगळे शिक्षक असलेलं आठ तासांचं वेळापत्रक लिहिलं. घंटा म्हणून स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजवला, वर्गाबाहेर गेल्या आणि नवऱ्याचा कोट घालून आत आल्या.

"मी विज्ञानाचे सर. बाई कुठे गेल्या ते मला विचारायचं नाही."

मुलं खूश झाली. इतिहासाचे सर दर वाक्याला खोकायचे. भाषेच्या बाई डोळे मिटून शिकवायच्या. गणिताच्या बाई मात्र नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणून, खडू रोखून विचारायच्या, "कळलं? नाही कळलं? का नाही कळलं?" ही बाई कुठून आली, हे नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याला पुन्हा ठसका लागला असता. म्हणून बाईंनी घरी काही सांगितलं नाही.

दोन आठवड्यांत मुलं तयार झाली. तास बदलला की वह्या बदलायच्या, जागा सोडायची नाही, हे अंगवळणी पडलं. फक्त एक मुलगी गप्प असायची. लिहिलेलं खोडून पुन्हा तेच लिहायची तिला सवय, म्हणून वर्ग तिला खोडरबर म्हणायचा. आई तिला मोठ्या शाळेचा नवा गणवेश घालून पाहायला सांगत होती आणि ती घालत नव्हती, एवढंच बाईंना कळलं होतं.

वार्षिक परीक्षा झाल्यावर बाई सगळ्यांना मोठी शाळा दाखवायला घेऊन गेल्या. तीन मजले, दोन जिने, सारखी दिसणारी चौदा दारं. दुसऱ्या मजल्यावर बाईंनी आत्मविश्वासाने एक दार उघडलं, तर आत झाडू आणि बादल्या होत्या. "हे पण माहीत असायला हवं," असं म्हणून त्यांनी दार लावलं.

नणंद नमुन्याचा तास घेणार होती. तिने अपूर्णांकाचं एक गणित सोडवलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला, खडू रोखला आणि विचारलं, "कळलं?"

अठ्ठावीस मुलं एका सुरात म्हणाली, "नाही कळलं? का नाही कळलं?"

बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर बघण्यासारखं पाण्याच्या टाकीशिवाय काही नव्हतं.

"वहिनी," नणंद म्हणाली, "मी खरंच अशी बोलते?"

"नाही हो. माझं थोडं जास्तच होतं."

सगळा वर्ग हसला. त्या हशात खोडरबरने हात वर केला. बाईंच्या वर्गात तिने वर्षभरात तो दोनदा वर केला असेल. "आठ शिक्षक असतील तर पोटात दुखायला लागल्यावर कुणाला सांगायचं?"

"त्या तासाला जे असतील त्यांना," नणंद म्हणाली.

"आणि दोन तासांच्या मध्ये दुखलं तर?"

नणंदेने खडू खाली ठेवला. एकोणीस वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. ती पहिल्या बाकाच्या कडेला टेकली. "मला सांगायचं."

"तुम्ही दुसऱ्या वर्गात शिकवत असाल."

"दार वाजवायचं. मी बाहेर येईन."

खोडरबरने ते वहीत लिहिलं, आणि खोडलं नाही. परतताना तिने बाईंचा हात धरला. "बाई, तुम्ही घाबरला होता का मोठ्या शाळेत?"

"मी तीन दिवस चुकीच्या तुकडीत बसले होते. विचारायची लाज वाटली. त्यांचा गृहपाठसुद्धा केला."

"मग?"

"चौथ्या दिवशी तिथल्या सरांनी हजेरीत माझं नाव घालायला घेतलं, तेव्हा रडू आलं आणि सगळं बाहेर पडलं."

हे त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. खोडरबर बराच वेळ हसत होती. त्या संध्याकाळी तिने गणवेश घालून पाहिला, असं तिच्या आईने फोन करून कळवलं. बाह्या जरा लांब होत्या.

शाळेचं नवं वर्ष सुरू झालं त्या सकाळी बाई मोठ्या शाळेच्या फाटकाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. वाटेतच आहे, असं त्यांनी घरी सांगितलं होतं. खरं तर ती शाळा बरोबर उलट्या दिशेला होती. मुलं आली, आत गेली, तीन-चार जणांनी हात केला, बाकीच्यांचं लक्षच नव्हतं. बाईंना बरं वाटलं आणि थोडं वाईटही.

खोडरबर एका नव्या मैत्रिणीबरोबर आली. बाईंना पाहून ती थांबली आणि तिने काळजीने विचारलं, "बाई, तुमची शाळा आज सुरू नाही का? उशीर होईल तुम्हाला."

"निघालेच," बाई म्हणाल्या.

त्या वीस मिनिटं उशिरा पोहोचल्या. मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि हजेरीचं पुस्तक पुढे सरकवलं. उशिराच्या कारणाच्या रकान्यात बाईंनी शांतपणे लिहिलं, 'शालेय कामकाज'.