म्हातारीची घुगरी

"हे पोरगी काहून येते वं इथं? हिच्या घरी कोनी म्हातारं नाई का?"

खोलीच्या आतून आवाज आला. मी बाहेर ओसरीवर तेलाची बाटली घेऊन उभी होते. दुसरी म्हातारी म्हणाली, "मिशनवाली असन. डोक्शाले तेल लावते अन् मंग नाव बदलून टाकते." आत खसखस पिकली. आत जावं की परत फिरावं, हे मला ठरवता येईना.

एकोणीसशे साठच्या आगेमागेची गोष्ट. नागपूरच्या इंग्रजी शाळेतून शिकून मी यवतमाळला परतले होते. शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करत, त्यामुळे चार माणसांत तोंड उघडायची सवयच राहिली नव्हती. वडिलांनी मला महिला मंडळात धाडलं, तेवढीच पोरगी बोलती होईल म्हणून. कापसाच्या व्यापाऱ्यांनी एका जुन्या धर्मशाळेत निराधार म्हाताऱ्यांची सोय केली होती. अंगणाच्या एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. आम्ही दर रविवारी जाऊन बायकांची वेणीफणी करायची, गाणी म्हणायची, त्यांना जरा हसवायचं, असं ठरलं होतं.

त्या हसत, पण आमच्या पाठीमागे. त्यांचा आमच्यावर विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझाही मंडळावर फारसा नव्हता. मंडळाच्या अध्यक्ष, ज्यांना सगळे काकू म्हणत, पाहुणे यायचे असले की नव्या चादरी घालायला लावत. त्या चादरी दुसऱ्या रविवारी दिसत नसत.

तिथं महागावकडच्या तांड्यावरची एक बंजारा म्हातारी होती. कानशिलाजवळच्या बटांना चांदीची घुगरी, म्हणजे लोंबते झुमके, गुंफलेली, कोपराच्या वर घट्ट बसलेल्या पांढऱ्या हाडाच्या बांगड्या. तिचा नवरा अंगणापलीकडे पुरुषांत असे. चारचौघांत दोघं एकमेकांशी बोलत नसत. तो दिवसभर खोकायचा, आणि तो खोकला थांबला की ही मान वर करून तिकडं बघायची. घुगरीला मी एकदा हात लावायला गेले, तर तिनं माझं मनगट धरलं. "हे अन् ह्या बांगड्या नवरा मेल्यावरच काढतेत, पोरी."

मंडळात हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्या गळ्यात मंगळसूत्र नाही, कपाळाला कुंकू नाही, म्हणजे विधवाच, असं सगळ्यांनी धरलं होतं.

त्या रविवारी आत गेले तेव्हा हसणाऱ्या दोघी गप्प झाल्या. बंजारा म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसली होती. केस धुतलेले, मोकळे, घुगरी नाही. ताटातली भाकरी तशीच.

"काल समद्यायच्या उवा काढल्या. सीताफळाच्या बिया वाटून लावल्या," एक जण हळूच म्हणाली. "तुमच्या काकूनं चांदी काढून घरी नेली. आमी न्हाऊन आलो तं हिच्या म्हाताऱ्याची खाट रिकामी. मेला असन. कोनी सांगून नाई राह्यले."

धर्मशाळेच्या कामवालीला विचारलं. ती खाली बघत म्हणाली, "दवाखान्यात नेलं म्हन्तेत. पुरुषायच्या बाजूचं मले काय मालूम? चांदी तं काकूनं सांभाळून ठेवली." तिच्या खाली बघण्याचा मला संशय आला. चांदी सांभाळून ठेवली हेही खरं वाटेना.

म्हातारीनं मला जवळ बोलावलं. "तू शिकेल हायस. मेला का थो?"

"मला ठाऊक नाही."

"समदे हेच म्हन्तेत." तिनं बाही वर केली आणि कोपरावरची बांगडी ओढू लागली. ती निघेना. कातडी लाल झाली. मग तिनं हात पुढे केला. "तेल दे."

मी बाटली पदराआड धरली. "थांबा, मी बघून येते," एवढंच म्हणाले आणि निघाले. सरकारी दवाखान्यापर्यंत भर उन्हात चालत गेले. तो नसला तर परत येऊन काय सांगायचं, हे वाटेत जुळवत होते, पण शब्द जुळत नव्हते.

म्हातारा खाटेवर उकिडवा बसून कंपाउंडरशी भांडत होता. मला पाहून म्हणाला, "तू थे तेलवाली पोरगी ना? इथं पेज पाजून राह्यले मले! तिले म्हन, भाकर अन् ठेचा धाड."

"त्या जेवत नाहीत. तुम्ही गेलात असं त्यांना वाटतंय."

त्यानं पेजेची वाटी बाजूला सारली. मग म्हणाला, "नाटकं हायेत तिचे. सांग, माह्या खाटेखालच्या तंबाखूले हात लावशीन तं याद राख."

परत आले तेव्हा तिनं कुणाकडून तरी गोडेतेल मिळवलं होतं. एक बांगडी मनगटापर्यंत उतरली होती. मी धापा टाकत त्याचा निरोप सांगितला, त्याच्याच शब्दांत, वऱ्हाडीत. म्हाताऱ्या माझ्याकडे बघत राहिल्या.

तिनं मला बराच वेळ निरखलं. खोटं सांगणारं तोंड कसं असतं ते ती शोधत असावी.

"तंबाखू म्हन्ला?"

"हो."

"मंग थोच हाय, मेला." तिनं बांगडी परत वर सरकवली. पण हात कानशिलाकडे गेला आणि तिथंच राहिला. "मंग हे काहून काढलं?"

काकू नेमक्या तेव्हाच दारात आल्या. "अगं, चांदी माझ्या कपाटात आहे. या वयात, विधवा बाईला कशाला हवेत ते दागिने? पुढं मंडळाच्या कामी येतील."

त्यांच्या मनात लोभ होता की नुसतं अज्ञान, ते मला आजही ठरवता येत नाही. म्हातारी त्यांच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी तेलाची बाटली खाली ठेवली.

"काकू, या विधवा नाहीत. यांचा नवरा दवाखान्यात ठेचा-भाकरी मागतोय. घुगरी आत्ताच्या आत्ता आणा."