गाऱ्हाण्यात माझी तंबाखू

मला मूल होत नव्हतं, म्हणून माझ्या बायकोने सात वर्षं उपास केले.

मी तिला पूर्ण साथ दिली. म्हणजे सोमवारी ती उपाशी असे, तेव्हा मी शेजारी बसून तंबाखू मळत असे. (रविवारची उतरलेली नसायची, म्हणून फार बोलत नसे.) अखेर चिपळूणच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "सुजाताताईंमध्ये काही दोष नाही. तुमचे शुक्राणू कमी आहेत, आणि जे आहेत ते सुस्त. तंबाखू, दारू बंद! मग तीन महिन्यांनी तपासू."

घरी आई म्हणाली, "डॉक्टरला काय कळतंय? आपल्या घराण्यात पुरुषांना असलं काय होत नाय!"

विषय संपला. उपास वाढला. (गुरुवार.)

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी आमच्या घरापुढच्या खळ्यात आली. सारी वाडी जमली. आईने नारळ पुढे केला आणि मानकरी तात्यांनी डोळे मिटून गाऱ्हाणं सुरू केलं, "बा म्हाराजा, ह्या घरच्या सुनेची कूस उजव..."

"तात्या, देवाला चुकीचा पत्ता देऊ नका," सुजाता म्हणाली. "दोष ह्यांच्यात आहे. ह्यांची तंबाखू नि दारू सुटू दे, असं गाऱ्हाणं घाला."

"सूनबाई!" आई किंचाळली.

पण सुरू झालेलं गाऱ्हाणं मध्येच तोडायचं कसं? तात्यांनी डोळेही न उघडता वळण घेतलं, "...तर म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराचं बीज कमजोर झालंय! त्याची तंबाखू सुटू दे!"

"व्हय म्हाराजा!" वाडी गरजली.

"दारू सुटू दे!"

"व्हय म्हाराजा!" सर्वांत मोठा आवाज माझ्यासोबत रोज प्यायला बसणाऱ्या बंड्याचा. (तेव्हाही प्यायलेलाच होता.)

देवाला शब्द गेला म्हणजे वाडीचा पहारा बसला. पानवाल्याने पुडी मागे ओढली, "नको रे बाबा, देव माझ्यावर कोपायचा!" झक मारत सगळं सुटलं. तीन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, "सुधारणा आहे. पण मुलाची खात्री देत नाही."

सात वर्षांच्या उपासांत सुजाताला कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. माझा मात्र वाडीच्या मंडळाने शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठेवला! अध्यक्ष माझ्या 'त्यागा'वर अर्धा तास बोलले. सुजाता तेव्हा मंडपामागे सगळ्यांसाठी चहा गाळत होती.

तो सत्कार मी नाकारणारच होतो. पण फोटोवाला म्हणाला, "शाल जरा डाव्या खांद्यावर घ्या, चेहरा खुलून दिसेल."

घेतली.