'आणि' ऐवजी 'किंवा' वाचावे

माझी धाकटी बहीण न्यायालयाच्या ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. ज्या वर्षाची हकीकत मी लिहीत आहे, त्या वर्षी ती विभागीय विधी ग्रंथपाल संघाची कार्यवाहही होती. लहानपणी तिला सांभाळण्यासाठी मी घरी राहिले आणि ती शाळेत गेली. उतारवयात तिनेच मला हाताला धरून प्रौढ वर्गात नेऊन बसवले. आम्ही दोघीच एकत्र राहतो. राहत्या खोल्या तिच्या नोकरीबरोबर मिळालेल्या आहेत.

संघ म्हटले की पुष्कळ माणसे डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात कायद्याची पुस्तके सांभाळणारी ही मोजकी मंडळी आहेत आणि ती सर्व एका लांब मेजाभोवती बसू शकतात. त्यांचे मुख्य काम चिठ्ठ्यांचे असते. कायदा बदलतो, परंतु पुस्तक लगेच नवे छापले जात नाही. बदल पातळ कागदावर छापून येतो. ग्रंथपालाने तो कापून, पुस्तकातील नेमके कलम शोधून, तेथे डिंकाने चिकटवायचा असतो. चिठ्ठीवर इतकेच असते की अमुक कलमात 'हा' ऐवजी 'तो' वाचावे. हे वाचून वाचून संघातील माणसांची बोलण्याची रीतही तशीच झालेली आहे.

वर्षाची पहिली सभा धाकटीच्या ग्रंथालयात झाली. चहाची व्यवस्था माझ्याकडे होती. वकील मंडळाच्या ग्रंथालयातील गृहस्थ सर्वांत शेवटी आले. त्यांच्या बोटांना सदैव डिंक लागलेला असतो, म्हणून सर्व त्यांना डिंकभाऊ म्हणतात.

अध्यक्षकाकांनी घड्याळाकडे पाहिले. "काय हो, ही यायची वेळ झाली?"

"'उशिरा' ऐवजी 'वेळेवर' वाचावे," डिंकभाऊ म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. "आणि ताई, माझ्यापुरतं 'अर्धा कप' ऐवजी 'पूर्ण कप' वाचावे."

सर्व हसले. धाकटीने किटली माझ्या हातातून घेतली आणि चहा ओतला. तो कपात न जाता कपाच्या शेजारी मेजावर पडला.

"'कप' ऐवजी 'मेज' वाचावे!" कोणीतरी ओरडले आणि पुन्हा हशा पिकला. धाकटीही हसली. परंतु किटली खाली ठेवताना तिने दुसऱ्या हाताने आधी मेजाची कड चाचपली, हे मी पाहिले.

त्या सभेत नेहमीप्रमाणे ठरले की वर्षअखेरीस कार्यवाहांच्या ग्रंथालयाची पडताळणी होईल. संघाची ही जुनी पद्धत आहे. एकजण वाचणारा असतो, एकजण धरणारा. वाचणारा मूळ कागदावरील दुरुस्ती मोठ्याने वाचतो आणि धरणारा पुस्तकात त्या जागेवर बोट ठेवून चिठ्ठी बरोबर आहे असे सांगतो. त्या वर्षी धरायचे काम धाकटीचे होते.

त्यानंतर मी तिच्यावर लक्ष ठेवू लागले. ती माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे पाहत असे. शेवटी एका सकाळी मी तिला समोर बसवले.

"माझ्याकडे बघ."

"बघतेच आहे की."

"कानाकडे बघतेस. मी इकडे आहे."

तिने मान किंचित वळवून माझा चेहरा डोळ्यांच्या कडेने शोधला. मग म्हणाली, "ताई, मधोमध काळा डाग आला आहे. कडेचं सगळं दिसतं. ज्याच्याकडे बघावं, नेमकं तेच जातं."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गेलेलं परत येणार नाही म्हणाले. राहिलेलं किती दिवस राहील, ते सांगत नाहीत." तिने माझा हात घट्ट धरला. "कोणाला सांगू नकोस. मला लोकांनी डोळ्यांच्या भरवशावर तिथे बसवलं आहे."

मी कोणालाही सांगितले नाही. त्या दिवसापासून दाराची कडी वाजली तरी मी हातातले काम टाकून उभी राहत असे. नोकरी गेली तर खोल्या जातील, खोल्या गेल्या तर या वयात आम्ही दोघींनी कोठे जायचे, हे मी स्वयंपाक करता करता मनात घोळवीत असे. धाकटीची भीती माझ्यापेक्षा निराळी होती. ती म्हणे, "खोल्यांचं पुढे बघू. माझ्या हातून एखादी चिठ्ठी चुकली असली, तर तिच्यावर कोणाचं काय ठरलं असेल?" न्यायालयाच्या ग्रंथालयातील प्रतीवर शिक्का असतो. वाद झाला की न्यायाधीशसुद्धा तीच प्रत मागवतात.

थंडी सुरू झाली होती तेव्हा मी तिचा जेवणाचा डबा घेऊन ग्रंथालयात गेले होते. त्याच वेळी एक तरुण वकीलबाई दोन पुस्तके छातीशी धरून आत आली.

"बाई, कलम एकोणतीस बघा. माझ्या प्रतीत 'आणि' आहे. तुमच्या शिक्क्याच्या प्रतीत 'किंवा' आहे. मी कोणतं धरू?"

धाकटीने पान डोळ्यांसमोर धरले नाही. तिने त्यावरून बोट फिरवले. चिठ्ठीची कड बोटाला लागली.

"चिठ्ठी लागलेली आहे ना? मग तुमची प्रत जुनी. आमचीच धरा."

वकीलबाईचा चेहरा उतरला. "मग माझ्या शिंपीणबाईंचं काही खरं नाही. 'आणि' असतं तर तिला खोलीतून काढण्यासाठी मालकाला स्वतःला जागा हवी, आणि भाडेकरूला दुसरी जागा असायला हवी, दोन्ही सिद्ध करावं लागलं असतं. तिला दुसरी जागा कुठली? 'किंवा' असेल तर एकच पुरतं. मालकाला जागा हवी आहे, संपलं."

ती शिंपीणबाई आमच्या ओळखीची होती. आमच्या मागच्या गल्लीच्या टोकाला तिची एक खोली आहे. पुढच्या अर्ध्या भागात शिवणयंत्र आणि मागच्या अर्ध्या भागात अंथरूण. पुढे काही दिवसांनी मी उसवलेली बाही घेऊन तिच्याकडे गेले, तेव्हा ती कापडाचे तुकडे गाठोड्यात बांधत होती.

"आता नवीन काम घेत नाही, ताई," ती म्हणाली. "वकीलबाई म्हणाल्या, सामान आवरायला लागा. यंत्राला गिऱ्हाईक बघते आहे. नव्या जागी नेऊ म्हटलं तर नवी जागा कुठे आहे?"

मी घरी येऊन हे सांगितले. धाकटी त्या संध्याकाळी जेवली नाही.

पडताळणी जवळ आली. सुटीच्या दिवशी धाकटीने मला बरोबर घेऊन ग्रंथालय उघडले. आपण डोळ्यांनी करू शकत नाही ते आधी कानांनी करून ठेवावे, असा तिचा विचार होता. मी प्रत्येक चिठ्ठी आणि तिच्या खालचे कलम वाचायचे, आणि तिने ऐकायचे. माझे वाचन संथ आहे. एकेक अक्षर जोडून मी पुढे जाते. दुपार कलायला लागली तेव्हा भाड्याच्या जागांचा कायदा हाती आला.

"कलम दोन... एक. एकवीस," मी वाचले.

"एकोणतीस," धाकटी म्हणाली.

"एकवीस आहे."

"ताई, नीट बघ. पान एकोणतीसचं आहे."

"पान एकोणतीसचं आहे. चिठ्ठी एकवीसची आहे."

प्रौढ वर्गात माझाही एक आणि नऊ यांचा फार घोळ होत असे. गुरुजींनी सांगितले होते, नऊला जास्तीची आकडी असते, ती आधी शोधा. चिठ्ठीवरच्या बारीक छपाईत मी ती आकडी शोधत राहिले. खिडकीशी नेऊन पाहिले. आकडी नव्हती. एकवीस कलम घराच्या डागडुजीबद्दल होते. त्यातही एक 'आणि' होता, आणि तो बदलायचा होता. एकोणतीसमधील 'आणि'ला कोणीही हात लावलेला नव्हता. धाकटीच्या डोळ्यांतील डागाने ती आकडी स्वतःच जोडली होती.

मी घाबरून उठले आणि खिडकी लावून घेतली, जणू बाहेर कोणी ऐकत होते.

"काढून टाक," मी म्हणाले. "आता इथे आपण दोघीच आहोत. ओली करून काढ आणि जागेवर लाव."

"चिठ्ठी उपटली की खालचं अक्षर तिच्याबरोबर निघतं," ती म्हणाली. "मग तिथे ना 'आणि' राहील, ना 'किंवा'. नुसतं भोक राहील. आणि चुकीच्या चिठ्ठीवर नवी चिठ्ठी एकटीला लावता येत नाही. अध्यक्षांची सही लागते, दुसऱ्या एका ग्रंथपालाची लागते."

"म्हणजे सांगावं लागेल."

"सांगावं लागेल."

मी तिला आमच्या खोल्यांची आठवण करून दिली. ती म्हणाली, "शिंपीणबाईच्या खोलीची चिठ्ठी मी लावली आहे, ताई."

पडताळणीच्या दिवशी सर्व मंडळी त्याच लांब मेजाभोवती बसली. अध्यक्षकाका वाचणार होते. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "हं, कार्यवाह, धरा."

धाकटी उभी राहिली. "मी धरू शकत नाही."

"'धरू शकत नाही' ऐवजी 'धरते' वाचावे," डिंकभाऊ हसून म्हणाले. "बसा हो बाई, आम्ही काय परके आहोत?"

"मला मधलं दिसत नाही," ती म्हणाली. "वर्षभर दिसत नाही. कलम एकोणतीसवर एकवीसची चिठ्ठी आहे. ती मी लावली. वकीलबाईंनी विचारलं तेव्हा न बघता आमचीच प्रत बरोबर म्हणून सांगितलं. त्यावर एका बाईची खोली चालली आहे. तारीख जवळ आली आहे."

डिंकभाऊंचे हसणे तेथेच विरले. अध्यक्षकाकांनी पुस्तक स्वतःकडे ओढले, चिठ्ठी पाहिली, पुन्हा पाहिली आणि चष्मा काढून ठेवला. मला वाटत होते की आता सर्व तिच्यावर तुटून पडतील. परंतु कोणी कोणाकडे पाहत नव्हते. प्रत्येकाची नजर आपापल्या बोटांवर होती. तेथे बसलेल्या प्रत्येकाने आयुष्यभर एकट्यानेच चिठ्ठ्या लावल्या होत्या.

"माझ्याकडेसुद्धा," डिंकभाऊ हळूच म्हणाले, "घाईत लावलेल्या आहेत. कुठल्या, ते मला आज सांगता येणार नाही."

"तुमचं नंतर," अध्यक्षकाका कठोरपणे म्हणाले. "बाई, हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं. मला वरती कळवावं लागेल. तुमच्या जागेचं काय होईल, ते माझ्या हातात नाही."

"कळवा," धाकटी म्हणाली. "पण आधी चिठ्ठी लावा."

चिठ्ठी तेथेच लिहिली गेली: कलम २९, वरील चिठ्ठी चुकीने लागली आहे; 'किंवा' ऐवजी 'आणि' वाचावे. डिंक डिंकभाऊंनी लावला. एरवी ज्यांची बोटे भरभर चालतात, त्यांनी ती चिठ्ठी बसवायला फार वेळ घेतला. दोन सह्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वकीलबाईकडे गेलो. तिने सर्व ऐकून घेतले आणि तिचा संताप अनावर झाला.

"मी विचारायला आले होते! तुम्ही बघितलंसुद्धा नाहीत. मी त्या बाईला माझ्या तोंडाने सांगितलं, आवरा म्हणून. तिने जागा सोडून दिली असली तर मी कोर्टात काय वाचू, तुमची चिठ्ठी?"

आम्ही तिघी गल्लीकडे धावतच निघालो. धाकटी माझ्या खांद्याला धरून चालत होती आणि तिची नखे मला रुतत होती. गल्लीच्या टोकाला पोचलो. दाराला कुलूप होते. यंत्राचा आवाज नव्हता. मी पायरीवरच बसले. धाकटी पुन्हा पुन्हा विचारीत होती, "कुलूप जुनं आहे की नवं? ताई, सांग ना. तिचं आहे की मालकाचं?" मला कुलपावरून काही ओळखता येत नव्हते.

शेजारच्या बाईने खिडकीतून डोके बाहेर काढले. "गिऱ्हाईक आणायला गेली आहे, यंत्र दाखवायला. येईल आता."

थोड्या वेळाने ती आली. बरोबर एक माणूस होता. वकीलबाईने त्याला वाटेतच थांबवले आणि सांगितले, "यंत्र विकायचं नाही. तुम्ही जा."

"कोण म्हणतं विकायचं नाही?" शिंपीणबाई चिडली. "आधी तुम्हीच म्हणालात आवरा!"

"मी चुकीचं म्हणाले," वकीलबाई म्हणाली.

"त्यांना मी चुकीचं सांगितलं," धाकटी म्हणाली. शिंपीणबाईने तिच्याकडे पाहिले. धाकटी तिच्या कानाकडे पाहत होती.

"म्हणजे तुमच्या एका शब्दावर मी हे सगळं बांधलं होतं?" शिंपीणबाईने कुलूप काढले आणि आतल्या गाठोड्याकडे हात केला. धाकटीने होय म्हणून मान हलवली. शिंपीणबाई आत जाऊन गाठोड्याची गाठ सोडू लागली. ते मला शिव्यांपेक्षा जड गेले.

तारखेला न्यायाधीशांनी शिक्क्याची प्रत मागवली. एका कलमावर दोन चिठ्ठ्या पाहून त्यांनी विचारले, या कोणाच्या. धाकटी मागच्या बाकावरून उभी राहिली. तिला समोरचा चेहरा दिसत नव्हता. तिने आवाजाच्या दिशेने उत्तर दिले. न्यायाधीशांनी मूळ कागद मागवून जुळवून पाहिला आणि निकाल 'आणि' धरून दिला. शिंपीणबाईची खोली राहिली. मालकाला पुढे वरच्या न्यायालयात जाण्याची मुभा आहे.

संघाने नवीन नियम केला आहे की कोणीही एकट्याने चिठ्ठी लावायची नाही. सर्वांची पुस्तके पुन्हा जुळवण्याचे काम चालू आहे आणि डिंकभाऊंच्या ग्रंथालयात काय निघते याची त्यांना फार धास्ती आहे. धाकटीच्या नोकरीविषयी वरून अद्याप काही आलेले नाही. पोस्टमन जिन्यात दिसला की आम्ही दोघीही बोलायचे थांबतो.

मी रोज सकाळी मागच्या गल्लीने जाऊन येते. परत आले की धाकटी दारातच विचारते, "यंत्र चालू होतं?"

"चालू होतं."

"तू ऐकलंस, की शेजारणीने सांगितलं?"

"मी ऐकलं."

त्यानंतरच ती चहाचा कप चाचपून हातात घेते.