आपल्या मापाचा शर्ट

कामरगावच्या शाळेत शिकवायला जाण्यासाठी मी रोज कारंज्याहून जीप धरते. गेल्या वर्षी सोयाबीन सोंगायच्या, म्हणजे कापणीच्या दिवसांत तिच्यात मजूर बायकाही असायच्या. अंगाला खरचटू नये म्हणून आमच्याकडे बायका शेतात साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात. रंग उडालेला, बाह्या लोंबणारा. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर गेलं की घालायचा, परतताना काढून पिशवीत कोंबायचा.

एक बाई मात्र घरूनच घालून यायची. पोपटी फुलांचा, इस्त्रीचा, खांद्यात बरोबर बसलेला. जीपमध्ये बसली की आधी कॉलर नीट करायची, मग छातीवरच्या खिशावरून सावकाश हात फिरवायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा जीपवाल्यानं आरशातून बघत छेडलं, "वहिनी, भाऊचा नवा बुशट पळवला काय?"

"त्याचा मले ढिल्ला होते. हा म्या माया मापाचा शिवून घेतला."

"अन् खिसा कायले? काय ठेवता त्यात?"

"ठेवीन, नाही तं रिकामा ठेवीन. खिसा माया हाये."

सगळी जीप हसली. सगळ्यात मोठ्यानं तीच हसली.

दिवाळीला मी ड्रेस शिवायला टाकला आणि खिसा लावा म्हटलं. शिंप्यानं चष्म्यावरून पाहिलं. "मॅडम, तुमच्याजवळ पर्स असते ना? खिसा कशाला?"

मोबाईल, किल्ल्या, खडू अशी कारणं माझ्या ओठांवर आली होती. ती मी गिळली.

"रिकामा ठेवीन," मी म्हटलं. "तुम्ही लावा."